पाटण्याचे शहामृगमणी

वांगणी-बदलापूरच्या माणसाने कल्याणला गाडी बदलली, कसारा घाट चढला आणि मनमाड मागे टाकले की चाळीसगाव येते. तिथून डोंगराकडे निघाले की पायथ्याशी पाटणे. लोक इथे पाटणादेवीच्या दर्शनाला येतात. भास्कराचार्यांच्या नातवाने कोरवलेल्या शिलालेखामुळे गणिताचे अभ्यासकही गावाचे नाव घेतात. पण पाटण्याची सर्वांत जुनी दौलत मातीखाली होती. १९७२-७३मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन दगडी हत्यारांसोबत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्याच कवचाचे मणी हाती आले. रेडिओकार्बन पद्धतीने कवचाचे वय निघाले सुमारे २५ हजार वर्षे.

खानदेशात शहामृग! आज हे खरे वाटत नाही. पण राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात अशी कवचे कितीतरी ठिकाणी सापडली आहेत. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांमधला डीएनए हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या जीवशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांसोबत तपासला. २०१७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच सगोत्र.

कारागिराच्या हाती आलेला हा माल म्हणजे निसर्गाचे एक नवलच. एक अंडे जवळपास दीड किलोचे, कोंबडीच्या दोन डझन अंड्यांची बरोबरी करणारे. कवच सुमारे दोन मिलिमीटर जाड. नर जमिनीत उथळ खळगा करतो आणि त्यात अनेक माद्या अंडी घालतात. उबवायला मात्र नर आणि त्याची मुख्य मादी एवढीच दोघे. दिवसा करड्या-तपकिरी रंगाची मादी बसते, रात्री काळा नर. अंगाखाली विसेक अंडी मावतात. जागा कमी पडली की मुख्य मादी आपली अंडी बरोबर ओळखून मध्ये ठेवते आणि परक्यांची कडेला सारते. अभ्यासक ब्रायन बर्ट्रम यांनी केनियातल्या त्सावोच्या रानात हे बारकाईने टिपले. कडेची अंडी उबत नाहीत. शिकारी जनावर आले तर आधी तीच जातात. वाळूत डोके खुपसण्याची गोष्ट मात्र निव्वळ कपोलकल्पित आहे. धोका दिसला की घरट्यावरचा पक्षी मान जमिनीला सपाट टेकवून पडून राहतो. लांबून डोके नाहीसे झाल्यासारखे वाटते, एवढेच.

मणी कसा होतो, हे आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या सान जमातीच्या बायकांच्या हातांकडे पाहिले की कळते. त्यांच्याकडे हे काम अजून चालते. कवच फोडून नखाएवढे तुकडे करायचे. तुकड्याच्या मधोमध टोकदार अवजार दोन्ही तळव्यांत धरून गरगरा फिरवत भोक पाडायचे. मग कडा टवके काढून गोलसर करायच्या. असे मणी दोरीत घट्ट ओवून सगळी माळ एकदम दगडावर घासायची, म्हणजे सगळे एका मापाचे होतात. दाब थोडा जास्त झाला की तुकडा दुभंगतो आणि तोवरची मेहनत वाया जाते. मध्य प्रदेशात भीमबेटकाला एका सांगाड्याच्या गळ्याजवळ असे दोन मणी मिळाले. कवचाच्या या कारागिरीला आपल्या शाळेच्या पुस्तकांत अजिंठ्याइतकी नाही, तरी एका परिच्छेदाची जागा मिळायलाच हवी.

शहामृग दावणीला बांधायचे माणसाच्या मनात आले ते फार उशिरा. दक्षिण आफ्रिकेत १८६०च्या दशकात ही शेती सुरू झाली, आर्थर डग्लस यांच्या उबवणी यंत्राने तिला बळ दिले आणि युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांनी औट्सहूर्न गावात महाल उभे केले. पिसे पक्षी न मारता कापता येत, दर काही महिन्यांनी नवी येत. सोने, हिरे आणि लोकरीखालोखाल या देशाची निर्यात पिसांची होती. १९१४मध्ये फॅशन फिरली, महायुद्ध पेटले, बाजार बसला. पुढे कातडे आणि मांसावर हा धंदा सावरला.

आपल्याकडे असाच फटका बसला तो शहामृगाच्या ऑस्ट्रेलियन भाऊबंदाला, इमूला. तेल, मांस, कातडे यांची मोठी स्वप्ने दाखवून पिल्ले विकली गेली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही कर्ज काढून कुंपणे घातली. २०१२च्या सुमारास डोलारा कोसळला, कारण पक्षी वाढले तरी ते विकत घेणारा बाजार कधी उभाच राहिला नव्हता. त्या शेतकऱ्यांच्या कष्टात काही कमी नव्हते.

पुन्हा पाटण्याकडे येऊ. तिथल्या ठेव्यातला कवचाचा एक तुकडा मण्यांहूनही मोलाचा आहे. त्यावर समांतर रेषांच्या पट्ट्यांमध्ये एकमेकींना छेदणाऱ्या आडव्यातिडव्या रेषांची जाळी कोरलेली आहे. भारतात इतरत्र मिळालेल्या अनेक कवचांवरही नक्षी असल्याचे आधी मानले गेले होते. पुढे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते तुकडे पाहिले, तेव्हा बहुतेकांवरच्या रेघा झाडांच्या मुळांनी कवच खाल्ल्याने उमटल्याचे दिसले. पाटण्याची जाळी मात्र या तपासणीत टिकली: ती माणसाने, हत्याराने कोरलेली आहे.