बघायचंय, पण 'ला' ठेवायचा कुठे? स्पॅनिशमधली चिकटणारी सर्वनामे

समजा, आपण वेरूळला कैलासासमोर, म्हणजे 16 क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे आहोत. सोबत स्पेनचे पाहुणे. लेण्याला स्पॅनिशमध्ये 'कुएवा' म्हणतात, आणि तो शब्द स्त्रीलिंगी. म्हणून 'तिला' या अर्थाचं सर्वनाम 'ला'. हा आपला 'रामाला'मधला 'ला' नव्हे बरं का, नुसता योगायोग आहे!

आता 'मला ती बघायचीय' हे कसं म्हणायचं? 'किएरो' म्हणजे मला हवंय, 'बेर' म्हणजे बघणं. मराठीत 'ती' क्रियापदाच्या आधी येते, म्हणून आपल्या तोंडून पटकन 'किएरो ला बेर' निघतं. नेमकं तेच चुकतं. बरोबर जागा दोनच. एक तर मूळ क्रियापदाच्या शेपटीला चिकटवून, एकच शब्द करून: 'किएरो बेर्ला'. नाही तर चालवलेल्या क्रियापदाच्या पुढे, सुटं: 'ला किएरो बेर'. अर्थ तोच. मधली जागा मात्र बंद.

मग दोन्ही चालतात तर एकच का शिकू नये? शिकायचं तर चिकटणारं रूप शिका, कारण ते सगळीकडे चालतं. 'हे लेणं बघायलाच हवं' यासाठी 'आय के बेर्ला' म्हणतात. 'आय के' म्हणजे 'करायला हवं'. कुणी करायचं, ते त्यात येतच नाही. इथे प्रमाण भाषेत 'ला' पुढे नेता येत नाही. 'पारा बेर्ला', म्हणजे 'ती बघण्यासाठी', इथेही तसंच.

दोन सर्वनामं आली की गंमत वाढते. 'मी तुम्हाला ती दाखवू शकतो': आधी माणूस, मग वस्तू. 'तुम्हाला' या आदरार्थी रूपासाठी 'ले' हवा, पण 'ले ला' असं स्पॅनिश कधीच म्हणत नाही. 'ले'चा 'से' होतो. म्हणून 'पुएदो मोस्त्रार्सेला'.

लिहिताना एक सांभाळायचं. 'मोस्त्रार'मधला जोर 'त्रा'वर आहे आणि शेपटी कितीही वाढली तरी तो तिथेच राहतो. एक सर्वनाम जोडलं तर खूण लागत नाही. दोन जोडली की जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो, आणि तिथल्या स्वरावर तिरपी रेघ द्यावीच लागते. आमच्या वह्यांतून सगळ्यात जास्त हीच रेघ गळते.