बारीक माणसाची चरबी

पोरांनो, बेदाणा तोंडात टाकायचं थांबवा नि इकडं बसा. काल तुम्ही विचारलंत ना, "आबा, अंगानं किरकोळ माणसाला हार्ट अ‍ॅटॅक कसा येतो?" त्याचं उत्तर चरबीत आहे, बरं का.

चरबी म्हणजे उपाशीपोटी कामी येणारा साठा, एवढंच लोक फार वर्षं समजायचे. पण ती रक्तात हार्मोनही सोडते. त्यातलं एक अ‍ॅडिपोनेक्टिन. १९९५-९६च्या सुमारास अमेरिकेत नि जपानात वेगवेगळ्या प्रयोगशाळांना ते सापडलं. त्याच्यामुळं स्नायू नि यकृत इन्शुलिनला नीट दाद देतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा दाहही कमी होतो. आणि नवल बघा, निघतं चरबीतूनच, पण पोटाची चरबी वाढली की तेच घटतं!

ते कसं बनवायचं हे आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर लिहिलेलं असतं. आपल्या तासगावकडं थॉमसन द्राक्षाच्याच वेलांतून निवडून तास-ए-गणेश ही जात काढली, ठाऊक आहे ना? मूळ तेच, लिखाणात बारीकसा फरक. माणसांतही तसंच. अ‍ॅडिपोनेक्टिन हे एक प्रथिन; जपानात काही जणांच्या या प्रथिनात १६४व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन सापडलं. त्यांच्या रक्तात अ‍ॅडिपोनेक्टिन फारच कमी, आणि हृदयरोग्यांत हा बदल जास्त आढळला. चेन्नईच्या संशोधकांनाही एक वेगळा बदल मधुमेह नि लठ्ठपणाच्या जोडीनं दिसला.

मग सगळा दोष जीनमधल्या त्या बदललेल्या अक्षराचा? मला पुढचा भाग फार आवडतो. ही अक्षरं आईबापांकडून जन्माआधीच मिळतात, नंतर खाण्यापिण्यानं बदलत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी हजारो माणसांची माहिती घेऊन ताडून पाहिलं: अक्षरामुळं जन्मभर हे हार्मोन कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो का? तसं काही ठळक दिसलं नाही. म्हणजे हार्मोन घटणं ही बहुधा नुसती खूण, कारण नव्हे. खरी खोडी आतड्यांपाशी नि यकृतापाशी साचलेल्या चरबीची.

आणि ती बारीक माणसातही दडून बसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक नि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! हे पाळण्यापासूनच असतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ त्यांच्याएवढीच.

"मग आबा, आपण जीन तपासायची का?"

नको रे. शिंप्याची टेप आण. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या नि बाईची ८०च्या पुढं गेली, तर काट्यावर वजन कितीही बेताचं दिसो, साखर, कोलेस्टेरॉल नि रक्तदाब तपासून घ्यायचा. जा, बापाला हाक मार. पहिली त्याचीच मोजू.