गवती चहा आणि पातेल्यावरचे झाकण

चाकणच्या कांदाबाजारापासून पिंपरीच्या कामगार वसाहतींपर्यंतचा मुलूख आज कारखान्यांनी कितीही व्यापलेला असला, तरी न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा सज्जातील कुंडीत वाढणारा गवती चहाचा ठोंब येथून हद्दपार झालेला नाही. पावसात भिजून रात्रपाळीहून परतलेल्या माणसासाठी अजूनही त्याचीच चार पाती कापली जातात.

युरोपात असा मान रास्पबेरीच्या वाळलेल्या पानांना आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत त्यांचा काढा घेण्याचा तेथे जुना प्रघात असून, त्यातील तुरट टॅनिने पाण्यात उतरली की तेथेच राहतात. गवती चहाचा स्वभाव निराळा. त्याच्या तैलपेशींतील सुगंधी तेलाचा बहुतांश भाग सिट्रल या द्रव्याचा असतो आणि लिंबासारखा वास हे त्याचेच देणे होय. सिट्रलचा उत्कलनबिंदू सुमारे 229 अंश सेल्सिअस, म्हणून शंभर अंशांच्या पाण्यात ते सुखेनैव राहील असा तर्क कोणीही करील. परंतु पाण्याच्या वाफेचा हात धरून ते त्याआधीच निघून जाते. केरळातील ओडक्कलीच्या केंद्रात 1951 पासून ज्या सजातीय गवताचा अभ्यास चालतो, त्याचे तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघते ते याच गुणामुळे, आणि अशा तेलातील सिट्रलपासून रसायनशास्त्रज्ञांनी अ जीवनसत्त्वापर्यंत मजल मारली आहे. जे तेल काढणाऱ्यास हवे, तेच स्वयंपाकघरात नको! उघड्या पातेल्यात पाती खळखळ उकळली, की सुवास सर्व आळीला आणि कपात नुसते हिरवट पाणी.

म्हणून आले ठेचून आधी पाण्यात उकळावे, गूळ विरघळवावा, मग पाती कात्रीने बोटाच्या पेराएवढी कापून टाकावीत, लगेच विस्तव बंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि पाच मिनिटांनी गाळावे. दूध घालू नये, असे माझे मत आहे. घालणारे पुष्कळ आहेत.

मात्र या पेयास औषधाची सनद देण्यापूर्वी पिंपरीचेच स्मरण ठेवावे. येथे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलीन निघाले, आणि पिंपरीचे नाव धारण करणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीनाशक हाती आले. पण तेथे मात्रा मोजली जाते, परिणाम पडताळला जातो. सिट्रल काचपात्रात बुरशीस आवर घालते हे खरे असले, तरी कपातील त्याचा अंश अनिश्चित असतो. हा काढा घाम आणतो, घशाला ऊब देतो, एवढ्यावर संतुष्ट राहावे. दोन दिवसांत ताप न उतरल्यास कपांची संख्या न वाढविता दवाखाना गाठावा.