‘खात्री आहे का?’ : हा प्रश्न केव्हा विचारावा?

११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतील सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. प्रत्यक्षात बँकेतून बाहेर गेले जवळपास ९० कोटी डॉलर. मुद्दलाची रक्कम बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवायची, तर पडद्यावरील तीन रकाने भरणे आवश्यक होते. भरला गेला एकच. हा व्यवहार तीन जणांच्या नजरेखालून गेला होता. संगणकानेही इशारा दिला होता : निधी बँकेबाहेर पाठवला जाईल, पुढे जायचे का? उत्तर मिळाले, ‘होय’.

इशारा दिला गेला, तरी तो निरुपयोगी ठरला. व्याजाची रक्कम बँकेबाहेर जाणारच होती; त्यामुळे त्या वाक्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नव्हते. किती रक्कम जाणार, ही एकच महत्त्वाची गोष्ट त्यात नव्हती. सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळवण्यासाठी बँकेला न्यायालयात जावे लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला.

वापरकर्त्याचे काम थांबवून प्रश्न विचारणे ही संगणकप्रणालीच्या हातातील मर्यादित शिल्लक असते. ती उठसूट खर्च केली, की संपते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये सुरक्षिततेसाठी परवानगीच्या चौकटी वारंवार उघडत. परिणाम उलटाच झाला : न वाचता ‘होय’ म्हणण्याची सवय अनेकांना जडली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या चौकटी कमी कराव्या लागल्या.

मग थांबवावे केव्हा? पहिला निकष असा, की कृती मागे घेता येत असेल तर विचारू नये, चूक सुधारण्याची वाट ठेवावी. पुसलेली फाईल आधी ‘रिसायकल बिन’मध्ये जाते, ती याचसाठी. जीमेलमधील ‘अनडू’ची सोय याच विचारातून आली. तिच्यात पाठवलेले पत्र परत बोलावले जात नाही. ते काही सेकंद, फार तर ३०, रोखून धरले जाते. चूक बहुधा बटण दाबल्यानंतरच ध्यानात येते, हे मानवी स्वभावाचे वैशिष्ट्य येथे ओळखले गेले आहे.

दुसरा निकष परत न फिरणाऱ्या कृतींचा. तेथे विचारलेच पाहिजे. पण ‘खात्री आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. काय घडणार, किती आणि कोणाला, हे स्पष्ट दिसले पाहिजे. यूपीआयद्वारे पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी रक्कम व घेणाऱ्याचे नाव दिसते, ते यासाठीच. बटणावरही नुसते ‘होय’ न लिहिता ‘कायमचे पुसा’ अशी कृती लिहावी. गिटहब या संकेतस्थळावर संपूर्ण प्रकल्प पुसायचा असेल, तर त्याचे नाव स्वतः टंकित करावे लागते. हात आपोआप चालू नये, एवढाच त्यामागील हेतू.

तरीही पुष्टीच्या प्रश्नाला मर्यादा आहेत. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा नागरिकांच्या मोबाईलवर पोहोचला. पडद्यावर खात्रीचा प्रश्न आला होता; परंतु सराव चालू असताना हल्ला खरा असल्याची समजूत झालेल्या कर्मचाऱ्याने ‘होय’ म्हटले. गैरसमज झालेल्या माणसाला खात्री असतेच! इशारा मागे घेणारा संदेश मात्र तयार नव्हता. तो मोबाईलवर पोहोचेपर्यंत ३८ मिनिटे गेली आणि तोवर लोक जीव मुठीत धरून आसरा शोधत होते.

म्हणूनच प्रश्नाची चौकट रचण्यापूर्वी प्रणाली रचणाऱ्याने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा : उत्तर चुकीचे आले, तर पुढे काय? त्याची तरतूद नसेल, तर ‘होय’ आणि ‘नाही’ची चौकट केवळ चुकीची जबाबदारी वापरकर्त्यावर ढकलते, चूक टाळत नाही.