गौळणीतील रंगेल नायक : खान्देशी तमाशाच्या संदर्भात

जळगाव-धुळे परिसरातील तमाशात गणानंतर सादर होणारी गौळण केवळ भक्तिपर रचना मानणे पुरेसे नाही. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट पेंद्यासह अडवून 'दाण' मागणारा कृष्ण येथे देव कमी आणि गोडबोल्या रंगेल गडी अधिक असतो. एकनाथांच्या (१५३३-१५९९) गौळणींत या खोड्यांना अध्यात्माचा अर्थ आहे. फडावर तो मागे सरतो आणि प्रश्नोत्तरांची चकमक पुढे येते. विशेष म्हणजे, येथे हसे होते ते गौळणींचे नव्हे, नायकाचे. मावशी त्याच्या लाडीगोडीतील पोकळपणा उघडा पाडते. तथापि वाट अडविण्याची मुभा अखेर त्याच्याचकडे राहते. शिवाय मावशीची भूमिका परंपरेने पुरुष नटच करतो. म्हणजे स्त्रीपक्षाचे हे उत्तरही पुरुषाच्याच मुखातून येते. या विनोदाचे मर्म या दुहेरी स्थितीत आहे. मावशीची उत्तरे पुष्कळदा आयत्या वेळी, प्रेक्षकांच्या बोलीचा अंदाज घेऊन रचली जातात. त्यामुळे केवळ छापील संहितेवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला नायकाचे आर्जव तेवढे सापडते. त्याला मिळालेले उत्तर निसटते. गौळणीचा अभ्यास म्हणूनच प्रयोगापासून सुरू व्हावयास हवा.