उखडलेले रूळ, टिकलेले रूळ

आगगाडीस ‘नको’ म्हणावयास चीनमध्ये दरबार होता व नागपुरात तो आधीच बुडाला होता, एवढा भेद ध्यानी घेऊन नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या फलाटावर उभे राहिले, म्हणजे पायाशी खडीत रुतलेले रूळही इतिहास सांगू लागतात.

१८५४ : तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या पश्चात दत्तक नामंजूर करून डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

१८६७ : मुंबईचा लोहमार्ग वर्धा-बुटीबोरीवरून नागपुरास पोहोचला.

१८७७ : १ जानेवारीस नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, त्याच वर्षी चीनच्या छिंग सरकारने, इंग्रज व्यापाऱ्यांनी स्पष्ट परवानगीवाचून घातलेला व एक मनुष्य गाडीखाली सापडल्याने लोकक्षोभास कारण झालेला शांघाय-वूसुंग लोहमार्ग, २,८५,००० ताएल चांदी मोजून विकत घेतला आणि उखडून टाकला.

१८९८ : शाळा, परीक्षा व कारभार बदलू पाहणारी चिनी सम्राट क्वांगश्यूची फर्माने निघाली खरी, परंतु १०३ दिवसांतच राजमाता त्सशीने सत्ता हाती घेऊन सम्राटास नजरकैदेत टाकले.

तेथे सुधारणा दरबारी झगड्यात अडकली. येथे ती रयतेस न पुसताच रुळांवरून आली.