वाघोलीकर बँक परीक्षार्थींनो, इंग्रजीला घाबरू नका

बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएसची क्लार्कची परीक्षा आता मराठीतूनही देता येते. 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने 13 प्रादेशिक भाषांचा मार्ग मोकळा केला. पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच! पूर्वपरीक्षेत त्याचे 30 प्रश्न, 20 मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे तुक्का महागात पडतो.

जाडजूड शब्दकोश पाठ करणं मला तरी वेळ घालवणं वाटतं. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेचं दर दोन महिन्यांनी येणारं पतधोरणाचं निवेदन वाचा. ‘रेझिलियंट’, ‘मॉडरेट’, ‘अकोमोडेटिव्ह’ हे शब्द तिथे वाक्यासकट भेटतात, म्हणून लक्षात राहतात. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पीएमपीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, तर एक पान सहज होतं. (मिळाली तर!)

व्याकरणात ठरावीक सापळे पक्के करा. ‘वन ऑफ द’ नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी: ‘वन ऑफ द ब्रँचेस इज क्लोज्ड’. ‘हार्डली’ला जोडी ‘व्हेन’ची, ‘नो सूनर’ला ‘दॅन’ची. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको.

आकलनाचा उतारा शेवटी ठेवू नका, तिथले गुण सुटतात. ग्रामीण बँकेच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी नसतंच, तोही फॉर्म भरून ठेवा.